रोजगार हमीवरचा राक्षस

किस्से काही जमवावे लागत नाहीत हो, ते आपले आपण येऊन बसतात. चार माणसं दर आठवड्याला एका चटईवर बसायला लागली, की वर्षभरात पोतं भरतं. आणि आमची चटई तर बोलूनचालून गोष्टींचीच! तेव्हा मी सांगते, तुम्ही चहा घ्या. फक्त मधेच कुणी "बाई, हे खरं का?" असं विचारायचं नाही. विचारलंत तर पुढचा सांगणार नाही.

परवा माझा भाचा पुण्याहून आला. पिशवीतनं रंगीबेरंगी फासे काढले, एकेकाला ढीगभर बाजू. म्हणाला, "आत्या, आम्ही दर शनिवारी खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. गोष्ट चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! अरे बाबा, तुझ्या बापानंच मला शिकवलाय तो खेळ! तुझा बाप पुण्याला इंजिनिअरिंगला होता, होस्टेलवर कुणाच्या तरी नातेवाइकानं तो अमेरिकेतून आणला होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत हा मला घेऊन बसला. तू जन्मायच्या आधी, भूम तालुक्यात, सोसायटीच्या खताच्या गोडाऊनात, ऐन दुष्काळात मी गेम मास्टर होते. तुमच्या त्या फाशांच्या जागी आमच्या कवड्या होत्या, एवढाच काय तो फरक.

खेळ सोपा होता. मी सांगायचं, "तुम्ही जंगलात आहात, समोर नदी आहे. आता काय करता?" ज्यानं त्यानं आपलं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की सहा कवड्या टाकायच्या. निम्म्याहून जास्त उताण्या पडल्या तर जमलं, नाहीतर फसलं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढं जाते, बास.

मी तिथं प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळं गावात मला भाड्यानं खोली मिळाली नाही, वस्तीत मिळाली. शाळेत हेडमास्तर बोलायचे आणि मी ऐकायचे. गावात सोसायटीचे चेअरमन आबासाहेब बोलायचे आणि सगळं गाव ऐकायचं. पण रविवारी दुपारी त्या चटईवर मी "आता काय करता?" असं म्हटलं, की मोठमोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसायची. ती चटई माझी होती. तिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते, आणि भांडलेच!

गोडाऊन आबासाहेबांनीच दिलं होतं. पाऊस नाही, पेरणी नाही, खत कोण उचलणार? ते रिकामंच पडलेलं. मी म्हटलं, "आम्हाला गोष्टी सांगायला जागा द्या." त्यांना वाटलं प्रौढ शिक्षण. म्हणाले, "घ्या की. वर कळवा मात्र, चेअरमननी जागा दिली म्हणून."

* * *

पहिला रविवार. खेळायला तिघं. एक नाना, गावातले जुने बागायतदार, बाग वाळल्यामुळं रिकामे. दुसरे अय्यूबभाई, भूमच्या एसटी डेपोत मेकॅनिक. तिसरी कुसुम, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी. माझी तयारी म्हणजे काय विचारता! किल्ला मनात बांधून ठेवलेला. भुयारं, चोरवाटा, खंदकात मगर. नळदुर्ग बघितला होता मी लहानपणी, त्याच्या वरताण करायचा होता.

मी सुरुवात केली. "तुम्ही किल्ल्याच्या दरवाजापाशी आहात. दार बंद आहे. भाला घेऊन पहारेकरी उभा आहे. काय करता?"

नाना मांडी सरकवून पुढं झाले. "पाव्हणं, कंच्या गावचं?"

आता पहारेकरी म्हणजे मीच. मी तोंडाला येईल ते सांगितलं, "येडशीचा."

"येडशी? रामलिंगाच्या वाटंवर आमच्या थोरल्या मेव्हण्याची सासुरवाडी हाय. तुमचं आडनाव काय म्हनलात?"

झालं! दुपारभर पहारेकऱ्याची सोयरीक निघत होती. मी लढाईवर यायला बघतेय, आणि नाना त्याच्या आत्याच्या दिराला कुठली पोरगी दिली ते विचारतायत. उन्हं उतरली तेव्हा पहारेकरी नानांच्या साडूचा चुलतभाऊ निघाला होता!

मी कपाळाला हात लावून म्हटलं, "बरं, पहारेकऱ्यानं दार उघडलं. आता तरी आत शिरा."

नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. घरचंच मानूस निघालं, रिकाम्या हातानं कसं जायाचं? फुडच्या टायमाला जाऊ, काहीतरी घिऊन."

ती मगर माझ्या डोक्यातच मेली बिचारी.

* * *

नानांचा आणखी एक सांगते. हा हसण्यावारी नेऊ नका.

गोडाऊनात प्यायला पाणी मी माझ्या खोलीवरनं घागरीत न्यायचे. नाना मात्र आपला तांब्या घरनं भरून आणायचे. का आणायचे ते त्यांना माहीत, मला माहीत, चटईला माहीत. मी काही बोलले नाही, पण राग यायचा. चांगलाच यायचा.

त्या रविवारी गोष्टीत सगळे वाळवंटात. नानांच्या माणसाचा घोडा मेलेला, पखाल फाटलेली. मी म्हटलं, "जीभ टाळूला चिकटली. पुढं एक झोपडी आहे. त्यातली म्हातारी पाणी देते म्हणते. पण आधी सांगते, की बाबा, आमच्या हातचं तुमच्याकडं चालत नसंल. काय करता?"

असं कुणी मुद्दाम करतं का? मी केलं. मुद्दाम!

अय्यूबभाई छताकडं बघायला लागले. कुसुमनं पदराचं टोक चावायला घेतलं. मग नाना म्हणाले, "पितो."

"कवड्या टाकायच्या?"

"कवड्या कशाला? पितो म्हनलो ना."

खेळ संपला. मी चटई गुंडाळत होते. नाना उठले, तांब्या होता तिथंच ठेवला, घागरीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, लई चाललो आज वाळवंटात. पानी द्या."

मी दिलं. गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. नानांच्या भावानं त्यांना पारावर सगळ्यांदेखत गाठलं, "वस्तीतलं पानी पिलास म्हनं?" नाना म्हणाले, "मरत व्हतो, पिलो. तू आसतास तर मेला आसतास."

* * *

कुसुमची सासू, गोदाकाकू, म्हणजे गावात नावाजलेला आवाज. तिनं एका घरात हाक मारली की तीन घरांतली माणसं ओ द्यायची.

एक दिवस ती गोडाऊनच्या दारात उभी. "कुसमेऽऽ! घरी कपड्याचा ढीग पडलाय आन् तू हितं बाप्यांत बसून काय करायलीस? ऊठ!"

नेमकं त्याच वेळी कुसुम गोष्टीत डाकूंच्या घेऱ्यात होती. हातात तलवार, पाठीशी कडा. कुसुम कशीबशी म्हणाली, "आत्याबाई, एवढं उरकू द्या, मला घेरलंय."

"कुनी घेरलंय?"

मी सांगितलं. डाकू किती दांडगे, कुठं कुठं उभे, सगळं. गोदाकाकू दारातनंच ऐकत होती. कुसुम म्हणाली, "मी कड्यावरनं उडी मारते."

"उडी?" गोदाकाकू ओरडली. "आगं रांडंचे, हातात तलवार हाय आन् उडी मारतीस? त्यो मागला बघ, त्यो लंगडायलाय म्हनल्या बाई! घाल त्याच्या डोक्यात!"

"मी कशी घालू, कवड्या पालथ्या पडल्या तर?"

"आन हिकडं त्या कवड्या!"

सगळ्या सहा उताण्या पडल्या. त्या डाकूची आम्हालाच दया आली.

पुढच्या रविवारी मी कुलूप काढायला गेले तर गोदाकाकू आधीच पायरीवर. म्हणाली, "बाई, आज म्या बी हाय. राजा करा, चोर करा, काय बी करा. फकस्त सासू करू नगा, त्येचा लई कटाळा आलाय."

* * *

आता राक्षसाचा. हाच तो, ज्याच्यापायी सगळं रामायण झालं.

दुष्काळ तेव्हा अगदी टिपेला होता. विहिरी कोरड्या, गावात टँकर यायचा, माणसं रोजगार हमीच्या कामावर हजेरी लावून पोट भरायची. आणि मी वेडी, गोष्टीत खजिना ठेवला! गुहेत सोन्याचे हंडे, हंड्यांच्या मागं झरा, आणि झऱ्यावर आडवा झोपलेला राक्षस. मला वाटलं आता सोन्यावरनं भांडणं लागतील.

गोदाकाकू म्हणाली, "झरा? पानी हाय त्यात?"

"आहे. गार, गोड. पण समोर सोनं..."

"सोनं जाऊ द्या वो मसनात! पानी किती हाय ते सांगा."

सोन्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मी राक्षसाला जागं केलं. घसा खरवडून ओरडले, "मी राक्षस आहे! मला माणूस खायचाय!"

कुसुम शांतपणे म्हणाली, "हजेरी लावल्याबिगर हितं कुनाला काय खायाला मिळत न्हाय."

अय्यूबभाईंनी राक्षसाला खालून वर न्याहाळलं, म्हणजे मलाच न्याहाळलं. "क्या बाडी है बाई! डिपोत असता तर जॅकची गरज नव्हती." आणि तिथल्या तिथं त्यांनी राक्षसाला रोजगार हमीच्या कामावर घेतला! पाझर तलावाचं काम काढलं, अय्यूबभाई मुकादम झाले, नानांनी चुन्यानं आखणी करून दिली. माझा राक्षस गुरगुरत होता, गुहा हादरवत होता. "मी राक्षस आहे! राक्षस!"

नाना म्हणाले, "आसशील. पाटी उचल."

तलाव झाला. गोष्टीतल्या गावाला पाणी आलं. मग मी विचारलं, "आता पाणी आधी कुणी भरायचं?"

यावर मात्र बराच खल झाला. जमीनदारानं आधी, देवळानं आधी, ज्यानं खणलं त्यानं आधी. शेवटी गोदाकाकू म्हणाली, "जी बाई रोज रांगंत शेवटी ऱ्हाती, तिनं आज आधी भरायचं. उद्या दुसरी शेवटी ऱ्हाईल, ती भरंल. त्यात काय इचार करायचाय एवढा?"

हे झालं गोष्टीतलं. खऱ्या गावात काय होतं, तर टँकर आधी आबासाहेबांच्या माडीपुढं थांबायचा. त्यांचा हौद भरायचा, मग उरलेलं पाणी गावविहिरीत ओतायचं. तिथंही आमच्या वस्तीची पाळी येईपर्यंत पोहऱ्यात नुसता गाळ. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

सोमवारी टँकर आला आणि गोदाकाकू रस्त्यात आडवी उभी राहिली. ड्रायव्हरला म्हणाली, "आधी वस्तीवर घे. कालच ठरलंय."

"कुठं ठरलंय?"

"गोडाऊनात! राक्षस बी व्हता, इचार त्याला!"

टँकर शेवटी माडीकडंच गेला. पण सांजेपर्यंत गावभर एकच विषय, आणि आबासाहेबांना कळलं की गोडाऊनात प्रौढ शिक्षण चालत नाही.

* * *

पुढच्या रविवारी भूमहून हवालदार आला. खबर कुणी दिली ते सांगायला नको. "गोडाऊनात कवड्यांवर जुगार चालतो, बाया बी खेळतात" अशी खबर.

त्यानं चटई उलटून बघितली, घागरीत डोकावला, अय्यूबभाईंची टोपी झाडून बघितली. "पैसे कुठायत?"

"पैसे नाहीत," मी म्हटलं.

"मग जिंकनारा काय घिऊन जातो?"

"कुणी जिंकत नाही."

"मग हरतं कोन?"

"कुणी हरत नाही."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग हे कवड्या टाकून बसलेत कशाला?"

"अय्यूबभाई झाडावर आहेत. खाली वाघ आहे. उतरता येतंय का ते बघतोय."

त्यानं अय्यूबभाईंकडं बघितलं. अय्यूबभाईंनी खरंच पाय वर घेतलेले होते! हवालदार म्हणाला, "असल्या खबरीपायी सायकल दामटत आलो," आणि तरातरा निघाला. दारापर्यंत गेला. थांबला. परत आला आणि चटईच्या कडेला बसला.

मी म्हटलं, "आता काय राहिलं, साहेब?"

"वाघाचं काय झालं ते कळल्याबिगर रिपोर्ट कसा ल्याहू?"

* * *

जुगाराचं जमलं नाही, तेव्हा आबासाहेबांनी निरोप धाडला. "येत्या रविवारी गोडाऊन खाली करा. खत येणार हाय."

मी तशीच माडीवर गेले. "आबासाहेब, पेरणी नाही तर खत कशाला येईल?"

"बाई, ते सोसायटी बघंल."

"खेळायला दुसरी जागा द्या."

"तुमच्या खोलीवर खेळा की."

तिथंच मेख होती. माझ्या खोलीवर गावातल्या बायका आल्या नसत्या, आणि गावातल्या ओसरीवर मला कुणी बसू दिलं नसतं. सगळ्यांना येता येईल अशी जागा गावात तेवढी एकच होती, कारण खताच्या पोत्याला कुणी जात विचारत नाही. गोडाऊनला कुलूप म्हणजे चटई संपली, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मी सोडणार नाही."

"तुमची बदली कराया मला एक फोन पुरे, बाई."

"करा. कळंबला केलीत तर कळंबला चटई टाकीन. परंड्याला केलीत तर परंड्याला टाकीन. कुठवर फोन करता बघू."

म्हटलं, आणि तशीच जिना उतरले.

* * *

आणि आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

रविवार उजाडला. दुपारी आबासाहेब स्वतः आले, मागं सोसायटीचा शिपाई, त्याच्या हातात नवंकोरं कुलूप. निम्मं गाव बाहेर जमलेलं. आम्ही चटईवर बसलेलो, कुणी उठलं नाही.

"उठा," आबासाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "लावा कुलूप. पण काय बंद करताय ते तरी बघा. एक डाव बसा. मग खुशाल लावा."

"म्या? ह्या पोरखेळात?"

नाना म्हणाले, "आबासाहेब, जत्रंतल्या नाटकात तुमी राणीचं काम केलतं, आठवतंय? बाया रडल्या व्हत्या. तुमाला काय अवघड हाय?"

बाहेरनं एक-दोघं म्हणाले, व्हय व्हय, रडल्या होत्या. आबासाहेबांची छाती फुगली. जोडे काढून बसले. "मग मला राणीच करा."

"राणी नाही," मी म्हटलं. "आज जागा एकच रिकामी आहे. यसाबाई. रोजानं जाते, घरात दोन पोरं. टँकरच्या रांगेत शेवटी उभी आहे."

क्षणभर वाटलं, उठतात. पण नाटकातला माणूस तो! उपरण्याचा पदर करून डोक्यावरनं घेतला, घागर कमरेला धरल्यासारखा हात वाकवला. बाहेर बायका हसल्या. आबासाहेबांना तेच हवं होतं.

"टँकर येताना दिसतोय," मी सांगायला लागले. "धाकट्याला ताप आहे. सकाळपासून पाणी पाणी करतोय. यसाबाई घागर पुढं करते. पण टँकर थांबत नाही. पुढं जातो."

"पुढं कुठं?"

"मोठ्या दारात. तिथला हौद भरायचाय."

"म्या पळत जाते. डायवरला आडवते."

कवड्या टाकल्या. फसलं. ड्रायव्हर अय्यूबभाई. ते म्हणाले, "बाजू हटो. वरून आर्डर है."

"म्या सरपंचाकडं जाते."

सरपंच नाना. "आमच्या हातात काय बी न्हाय, बाई. उद्या ये."

"उद्या? आवो, पोर तापलंय माझं!"

आता बाहेर कुणी हसत नव्हतं. आबासाहेबांचा आवाज चढला होता, कपाळावरची शीर फुगली होती. मी म्हटलं, "टँकर विहिरीवर आला. रांग पुढं सरकतेय. यसाबाईच्या पुढं एकच बाई उरली. तिची घागर निम्मी भरली आणि पाइपातनं नुसती हवा आली. पाणी संपलं. यसाबाई काय करते?"

आबासाहेबांनी चटईवर मूठ आपटली. कवड्या उडाल्या.

"आरं, ह्या गावाला कुनी वाली हाय का न्हाय? सोसायटी हाय, चेअरमन हाय, कुठं मेलाय त्यो चेअरमन? आना त्याला वढून हितं!"

शिपायाचं तोंड उघडं राहिलं होतं. पण मी गोष्ट चालवत होते. गोष्ट चालवणाऱ्यानं थांबायचं नसतं.

"आणला," मी म्हटलं. "चेअरमन आलाय. समोर उभा आहे. यसाबाई काय करते?"

आबासाहेब माझ्याकडं वळले. उपरणं तसंच डोक्यावर. हळू आवाजात म्हणाले, "तुमीच सांगा, बाई."

"मी नाही सांगणार. यसाबाई तुम्ही आहात."

त्यांनी खाली बघितलं. विखुरलेल्या कवड्या एकेक करून गोळा केल्या. मग म्हणाले, "घागर द्या त्याच्या हातात. आन् उभा करा माझ्या मागं."

शिपाई दारातनं चाचरत म्हणाला, "आबासाहेब, ते कुलूप लावायचं व्हतं नव्हं?"

"गप रं!" आबासाहेब पदर सावरत त्याच्यावर खेकसले. "मधी बोलू नगंस, रांग जाईल माझी!"